‘गॅरंटीड’ पेन्शन: हमी कुणाची, कशाची आणि कधीपर्यंत?

(या भागाचं हे लिखित रूप. बोलताना झालेली पुनरावृत्ती काढली आहे, बाकी जसं बोललो तसंच ठेवलंय.)

आजचा भाग एका व्हॉइस मेसेजवरून सुरू करतो. मेसेज आपल्याच कुळगावातल्या एका ताईंचा आहे. नाव सांगत नाही, तशी परवानगी घेतलेली नाही.

त्यांचे बाबा अंबरनाथ एमआयडीसीतल्या एका कंपनीतून 58 व्या वर्षी निवृत्त झाले. पीएफ, ग्रॅच्युइटी आणि शिल्लक रजेचे पैसे मिळून 34 लाख खात्यात आले. आठवड्याभरात बँकेतून फोन आला: “काका, एकदा येऊन जा.” काका गेले, चहा झाला आणि ‘गॅरंटीड इन्कम’ नावाच्या एका योजनेवर सही झाली. ताईंना हे कळलं तेव्हा पॉलिसी घरी येऊन अकरा दिवस झाले होते. त्या विचारतात, “दादा, बाबांनी चूक केली का? आणि केली असेल तर आता काही करता येईल का?”

आधी दुसऱ्या प्रश्नाचं उत्तर देतो, कारण तिथे घड्याळ चालू आहे. हो, करता येईल. आयुर्विम्याची पॉलिसी हातात आल्यापासून 30 दिवसांच्या आत ती परत करता येते. याला ‘फ्री लुक’ म्हणतात. स्टॅम्प ड्युटी, वैद्यकीय तपासणी झाली असेल तर तिचा खर्च आणि तेवढ्या दिवसांच्या विम्याची थोडी रक्कम कापून बाकीचा हप्ता परत मिळतो. अर्ज लेखी द्यायचा, विमा कंपनीच्या शाखेत किंवा ईमेलने, आणि पोच घ्यायची. बँकेतल्या माणसाला फोनवर “कॅन्सल करा” म्हटलं म्हणजे झालं, असं समजू नका. ताईंकडे अजून 19 दिवस आहेत. त्यामुळे आता शांतपणे पहिल्या प्रश्नाकडे येऊ.

25 चे 55 होतात, मग वाईट काय?

ताईंनी कागद पाठवले, त्यातले आकडे असे. दरवर्षी 5 लाख, असे पाच वर्षं भरायचे. म्हणजे एकूण 25 लाख. पहिला हप्ता भरल्यापासून सात वर्षांनी पैसे यायला लागतात: दरवर्षी 2 लाख, पंधरा वर्षं. शेवटच्या वर्षी भरलेले 25 लाख परत. काकांना सांगितलं गेलं, “25 लाखांवर वर्षाला 2 लाख म्हणजे 8 टक्के, तेही गॅरंटीड. वर मुद्दल परत. 25 चे 55 होतात.”

यातला एकही आकडा खोटा नाही, आणि फसायला होतं ते म्हणूनच. 8 टक्के हे भरलेल्या हप्त्यांच्या प्रमाणात आहेत, तुमच्या पैशाला मिळणाऱ्या परताव्याचे नाहीत. मधली वर्षं तुमचा पैसा तिथे बसून होता, त्याचा हिशेब त्यात धरलेलाच नाही. तो धरला की परतावा साडेपाच टक्क्यांच्या जरासा वर येतो. हे तुम्ही घरी तपासू शकता. एक्सेलमध्ये एका रांगेत वर्षं लिहा, भरायची रक्कम उणे, मिळायची रक्कम अधिक, आणि आयआरआर हे सूत्र लावा. मुलाला सांगा, नातीला सांगा, पाच मिनिटांचं काम आहे.

आता दुसरी बाजू. पोस्टात किंवा बँकेत सीनियर सिटिझन्स सेव्हिंग स्कीम आहे. एप्रिल 2023 पासून तिचा दर 8.2 टक्के आहे, तरी खातं उघडायच्या दिवशी किती आहे ते विचारून घ्या. या दराने 25 लाखांवर वर्षाला 2,05,000 म्हणजे दर तिमाहीला 51,250 रुपये येतात. आणि ते पहिल्या तिमाहीपासूनच. पाच वर्षांनी मुद्दल हातात.

म्हणजे काका सात वर्षं थांबून, 65 व्या वर्षी वर्षाला 2 लाख घेणार होते. त्याहून थोडे जास्त त्यांना याच वर्षापासून मिळू शकतात.

“पण प्लॅनचे पैसे करमुक्त असतात आणि स्कीमच्या व्याजावर कर लागतो,” असं सांगतात. अटी पाळल्या तर ते खरंही आहे. पण काकांचं सगळं उत्पन्न चार लाखांच्या आत बसतंय, आणि नव्या करप्रणालीत तिथवर करच नाही. जो कर लागणारच नव्हता, तो वाचवण्यासाठी सात वर्षं का थांबायचं?

58 व्या वर्षी सीनियर सिटिझन?

हा प्रश्न बदलापूर-अंबरनाथच्या बऱ्याच घरांत येतो, कारण खासगी कंपन्यांत निवृत्ती बहुधा 58 लाच होते. या योजनेचं वय 60 आहे, पण 55 ते 60 या वयात नियमाप्रमाणे किंवा व्हीआरएस घेऊन निवृत्त झालेल्यांनाही खातं उघडता येतं. अट एवढीच की निवृत्तीचे पैसे मिळाल्यापासून तीन महिन्यांत उघडायचं, आणि मिळालेल्या रकमेपेक्षा जास्त टाकायचं नाही. कमाल मर्यादा 30 लाख. हे तीन महिने हुकले की साठाव्या वाढदिवसापर्यंत थांबा. बँकेत काकांना हे कुणी सांगितलं नव्हतं.

मग पेन्शन किती?

काका म्हणाले, “मला ईपीएसचं पेन्शन आहेच की.” आहे, पण किती? सूत्र असं: पगार गुणिले नोकरीची वर्षं, भागिले 70. यातला पगार म्हणजे खरा पगार नाही, मर्यादेपुरता. 1 सप्टेंबर 2014 पर्यंत ती मर्यादा 6,500 होती, नंतर 15,000 झाली, आणि दोन्ही काळांचा हिशेब वेगळा होतो. तीस वर्षं घाम गाळलेल्या काकांना महिन्याला साडेचार हजारांच्या आसपास बसतात. ऑर्डनन्स फॅक्टरीत 2004 च्या आधी लागलेल्या शेजाऱ्याच्या पेन्शनशी याची तुलना करू नका. त्याला महागाई भत्ता वाढतो, ईपीएसला नाही. एकाच चाळीतून, एकाच लोकलने कामाला गेलेल्या दोघांचं म्हातारपण इतकं वेगळं असू शकतं.

म्हणून ‘हमी’चा शब्द काकांना गोड लागला. त्यात त्यांचा दोष नाही.

हमीला तीन प्रश्न विचारा

पहिला: हमी कुणाची? पोस्टाच्या आणि सीनियर सिटिझन योजनेमागे केंद्र सरकार आहे. एलआयसीच्या पॉलिसींना 1956 च्या कायद्याने सरकारची हमी आहे. खासगी विमा कंपनीची हमी त्या कंपनीची. तिच्यावर इर्डाची देखरेख असते, पण सरकारची हमी नसते. आणि बँकेच्या काउंटरवर विकलं म्हणून बँकेची हमी तर मुळीच नसते. बँक तिथे फक्त विक्रेती असते. बँकेतल्या ठेवींना व्याज धरून 5 लाखांपर्यंत विमा आहे, माणशी आणि बँकेमागे. सहकारी बँकाही त्यात येतात. पतसंस्था येत नाहीत, हे लाल अक्षरात लिहून ठेवा. सप्टेंबर 2019 मध्ये पीएमसी बँकेवर निर्बंध आले तेव्हा सुरुवातीला खात्यातून फक्त 1,000 रुपये काढता येत होते. औषधाला पैसे मागायला रांगेत उभी असलेली म्हातारी माणसं आपण तेव्हा टीव्हीवर पाहिली आहेत.

दुसरा: हमी कशाची? जवळजवळ नेहमीच रुपयांच्या आकड्याची असते, त्या रुपयात काय मिळेल याची नसते. आज महिन्याला 20,000 ठरले आणि महागाई 6 टक्के राहिली, तर बारा वर्षांनी त्यांची किंमत निम्मी होते. वीस वर्षांनी ते आजच्या साधारण 6,200 रुपयांसारखे असतात.

तिसरा: हमी कधीपर्यंत? सीनियर सिटिझन योजनेचा दर पाच वर्षांपुरता पक्का. मुदत पुढे वाढवता येते, पण तेव्हाच्या दराने. दर पडले तर उत्पन्न पडेल.

आणि इथे खऱ्या पेन्शन प्लॅनची, म्हणजे अ‍ॅन्युइटीची बाजूही मांडायला हवी. एकरकमी पैसे द्या, मरेपर्यंत ठरलेली रक्कम घ्या. माणूस 95 वर्षं जगला तरी ती थांबत नाही. हे दुसरं कुठलंही खातं करत नाही. फक्त पर्याय नीट बघा. मुद्दल वारसांना परत हवं असेल तर पेन्शन कमी, नको असेल तर जास्त. त्या जास्तीच्या पेन्शनमध्ये तुमचंच मुद्दल थोडं थोडं परत येत असतं, म्हणून त्या टक्क्याची एफडीशी तुलना करू नका. ‘जॉइंट लाइफ’ घेतलं नाही तर नवऱ्यामागे बायकोचं पेन्शन बंद होऊ शकतं. आणि एकदा घेतलं की मनात आलं म्हणून मोडता येत नाही. मापदंड हवा असेल तर ‘सरल पेन्शन’ बघा. एप्रिल 2021 पासून ते सगळ्या कंपन्यांत सारख्याच अटींवर आहे, त्यामुळे कोण किती देतं एवढीच तुलना उरते. पण काकांनी सही केलेली योजना ही अ‍ॅन्युइटी नव्हतीच. पंधरा वर्षांनी तिचं उत्पन्न थांबतं, म्हणजे ऐंशीच्या अलीकडेपलीकडे, जेव्हा गरज सर्वात जास्त.

सल्ला कुणाला विचारायचा?

ताईंच्या मेसेजमधलं एक वाक्य माझ्या डोक्यातून जात नाही. बाबा म्हणतात, “तो बँकेतला पोरगा चांगला आहे गं. आपल्या घरी गणपतीला आला होता.”

असेलही चांगला. त्याच्यावर टार्गेट आहे, आणि दरवर्षी हप्ता भरायच्या प्लॅनवर पहिल्या वर्षी जेवढं कमिशन मिळतं, तेवढं पोस्टाच्या योजनेवर मिळत नाही. त्यामुळे समोरच्या माणसाला, कितीही जवळचा असो, एकच प्रश्न विचारा: “तुला पैसे कोण देतं?” कंपनी देत असेल तर तो विक्रेता आहे. विक्रेता असणं गुन्हा नाही, पण त्याच्याकडून सल्ला मिळाला असं समजू नका.

शुल्क घेऊन सल्ला देणारे सेबी-नोंदणीकृत सल्लागार असतात. त्यांचा नोंदणी क्रमांक ‘आयएनए’ने सुरू होतो आणि सेबीच्या संकेतस्थळावर तपासता येतो. ठरावीक शुल्क घेत असतील तर एका कुटुंबाकडून वर्षाला जास्तीत जास्त 1,51,000, पण ती कमाल मर्यादा झाली. एकदाच बसून आराखडा करून देणारे पुष्कळ कमी घेतात. ज्याला सल्ला दिला त्याच्याच गुंतवणुकीवर त्यांना कमिशन घेता येत नाही. आपल्याकडे सल्ल्याला पैसे द्यायचे जिवावर येतं, मान्य. पण फुकट सल्ल्याचं बिल सात वर्षं थांबायच्या रूपात येतं.

आणि मी? मी सल्लागार नाही, कुणाचा एजंटही नाही. इथे फक्त हिशेब मांडतो.

ताईंचं कालच उत्तर आलं. परतीचा अर्ज दिला, शिक्क्याची पोच घेतली. बाबा दोन दिवस बोलत नव्हते. मग स्वतःच म्हणाले, “पोस्टात कधी जायचं?”

तुमच्या घरात कुणी येत्या वर्षात निवृत्त होणार असेल तर हा भाग त्यांना आजच पाठवा. पैसे खात्यात आले की पहिला फोन बँकेचा येतो. तुमचा त्याआधी गेलेला बरा. भेटू पुढच्या भागात.