खान्देशी लोकगीते व आकाशवाणीचा स्टुडिओ

खान्देशातील लोकगायक कोणत्याही घराण्याचा वा चित्रपटसंस्थेचा आश्रित नसतो. त्या अर्थाने तो स्वतंत्र कलावंत होय. १९७६ मध्ये जळगाव येथे आकाशवाणी केंद्र सुरू झाले. पुढे धुळ्यासही केंद्र झाले. परंतु स्टुडिओत गायिलेले गीत तेच राहते काय, हा प्रश्न विचारणे प्राप्त आहे.

ओवीला ताल जाते देते आणि लांबी दळण ठरविते. श्रावणातील कानबाईच्या उत्सवात तर गाण्यांनी रात्र जागविली जाते. स्टुडिओत जाते नसते आणि घड्याळ हेच नियंते असते. थेट प्रसारणात चूक मागे घेता येत नाही. म्हणून कडवी आधीच मोजून ठरवावी लागतात व आयत्या वेळच्या रचनेस वाव उरत नाही. माध्यमाचे नियम संगीत घडवितात, याचे ठळक उदाहरण म्हणजे आकाशवाणीवर १९४० ते १९७१ या काळात असलेली संवादिनीवरील बंदी.

तथापि स्टुडिओतील गायन म्हणजे मूळ गीताचे विकृत रूप, असा निष्कर्ष घाईचा ठरेल. तो त्या गीताचा एक स्वतंत्र पाठ होय. मात्र ध्वनिमुद्रण न झाल्यास तो प्रसारणासरशीच नाहीसा होतो. म्हणून अभ्यासकाने अंगणातील व स्टुडिओतील असे दोन्ही पाठ टिपून, काय गळले व काय जोडले गेले, हे ताडून पाहावे.