वरिष्ठाला न दिसणारी आठी

झाशी : रेल्वेचा वॅगन दुरुस्ती कारखाना आणि जवळचा भेलचा ट्रान्सफॉर्मर प्रकल्प ही झाशीची औद्योगिक ओळख. वॅगन दुरुस्तीच्या कोणत्याही कारखान्यात पर्यवेक्षकाच्या कपाळावरील आठी पाहून कामगाराने ब्रेकविषयीची शंका गिळली, तर तिची किंमत पुढे रुळांवर मोजावी लागते. आपल्या कपाळावर आठी उमटते, हे पर्यवेक्षकाला मात्र बहुधा ठाऊक नसते.

मानसशास्त्रज्ञ जोसेफ लुफ्ट व हॅरिंग्टन इंगहॅम यांनी १९५५ मध्ये मांडलेल्या ‘जोहारी खिडकी’त याला ‘अंध क्षेत्र’ म्हटले आहे. इतरांना दिसणारे, स्वतःला न दिसणारे. ते केवळ आत्मचिंतनाने उजळत नाही, सांगणारा लागतो. म्हणून कनिष्ठांकडून निनावी अभिप्राय घेतले जातात. हाताखाली तीनच माणसे असतील, तर निनावीपणा नावापुरताच उरतो. अभिप्राय बढतीशी जोडला, की जुने हिशेब चुकते होण्याची भीती असते. केंद्रातील वरिष्ठ नियुक्त्यांसाठीचे ३६० अंश मूल्यांकन संसदीय समितीने २०१७ मध्ये अपारदर्शक व व्यक्तिनिष्ठ ठरवले होते. त्यापेक्षा पाळी संपताना ‘आज मी कोणाचे बोलणे मध्येच तोडले?’ असे नेमके विचारावे आणि उत्तरावर खुलासा देऊ नये. पहिल्या आठवड्यात बहुधा कोणी बोलत नाही.