स्नायूंची लवचिकता आणि खेळातील निषिद्ध औषधे : पालकांसाठी माहिती

आपल्या घरातील मुलगा किंवा मुलगी रोज मैदानावर, तालमीत अथवा व्यायामशाळेत जात असेल, तर हे माहितीपत्रक आपल्यासाठी आहे. प्रशिक्षकांनी काय सांगितले, हे मूल घरी सांगतेच. शेजारच्या मित्राने कोणती गोळी सुचवली, हे मात्र बहुधा सांगत नाही.

जुलै २०१९ मध्ये मुंबईचा फलंदाज पृथ्वी शॉ याच्यावर भारतीय क्रिकेट नियामक मंडळाने आठ महिन्यांची बंदी जाहीर केली. तेव्हा तो १९ वर्षांचा होता. पदार्पणाच्या कसोटीत शतक काढल्याला वर्षही झाले नव्हते. फेब्रुवारीत इंदूर येथे सय्यद मुश्ताक अली स्पर्धेच्या वेळी घेतलेल्या त्याच्या लघवीच्या नमुन्यात टर्ब्युटालीन हे औषध आढळले. आपण खोकल्याचे औषध घेतले होते, असे त्याने सांगितले. मंडळाने ते स्पष्टीकरण स्वीकारले, कामगिरी वाढवण्याचा हेतू नव्हता हेही मान्य केले, आणि तरीही बंदी कायम राहिली. खेळाडूच्या शरीरात जे आढळते त्याची जबाबदारी त्याचीच, असा हा नियम आहे.

टर्ब्युटालीन श्वासनलिका सैल करते. आपल्या देशात खोकल्याच्या अनेक पातळ औषधांत ते ब्रोम्हेक्सिन व ग्वायफेनेसिन यांच्या जोडीने असते. अशी एखादी अर्धी उरलेली बाटली आपल्याही फडताळात असू शकेल. इतरांसाठी डॉक्टरांच्या सल्ल्याने ते उपयुक्त औषध आहे. स्पर्धेत उतरणाऱ्या मुलाला मात्र ते मनाने पाजू नये. सर्दीच्या काही गोळ्यांतील स्यूडोएफेड्रिनबाबतही स्पर्धेच्या दिवशी मर्यादा लागू होते.

लवचिकतेला वेळ लागतो

म्हैसूर भागात, बेळगोळ असो वा श्रीरंगपट्टण, तालमीला ‘गरडी’ म्हणतात. कुस्तीची आवड तिथेही आपल्याइतकीच जुनी. याच म्हैसूरच्या जगनमोहन राजवाड्यात १९३३ साली टी. कृष्णमाचार्य यांची योगशाळा सुरू झाली आणि पुढच्याच वर्षी बी. के. एस. अय्यंगार हा आजारांनी खंगलेला किशोर तिथे आला. पुरेशी तयारी नसताना त्याला हनुमानासन, म्हणजे दोन्ही पाय पुढे-मागे जमिनीवर सरळ पसरण्याचे आसन, करावे लागले. मांडीमागचे स्नायू फाटले आणि बराच काळ नीट चालता आले नाही, असे अय्यंगार यांनी पुढे स्वतःच सांगितले आहे. १९३७ साली ते पुण्यास आले. पट्टा, लाकडी ठोकळा, दोरी यांच्या आधाराने शरीराला झेपेल तितकेच ताणण्याची जी पद्धत त्यांनी तेथे रुजवली, ती आज जगभर शिकवली जाते.

स्नायूला हाडाशी जोडणाऱ्या दोरीसारख्या भागाला कंडरा म्हणतात. स्नायूच्या मानाने कंडरेला रक्तपुरवठा कमी असतो, म्हणून ती सावकाश बळकट होते. नियमित ताण दिल्यास लवचिकतेतला फरक काही आठवड्यांत जाणवतो. चार दिवसांत नव्हे.

ताण देण्यापूर्वी पाच-दहा मिनिटे चालून किंवा हलके धावून अंग गरम करावे. खेळाच्या आधी हात-पाय झुलवणे, गुडघे उचलणे, कंबर फिरवणे अशा हालचाली पुरेशा असतात. एकाच स्थितीत दीर्घकाळ, विशेषतः मिनिटाहून अधिक, ताणून लगेच धावल्यास वा उडी मारल्यास जोर किंचित कमी पडतो. स्थिर ताण खेळानंतर द्यावा : १५ ते ३० सेकंद, दोन ते चार वेळा, आठवड्यातून निदान दोन-तीन दिवस. झटके देऊ नयेत, श्वास रोखू नये. ओढ जाणवणे योग्य आहे. टोचल्यासारखी तीव्र कळ आली तर तिथेच थांबावे. मुलाच्या पाठीवर बसून किंवा पाय दाबून त्याला ‘खाली बसवण्याची’ रीत अजूनही काही ठिकाणी दिसते. ती थांबवण्यास सांगण्याचा पालकांना पूर्ण अधिकार आहे.

वयात येताना हाडे झपाट्याने वाढतात आणि स्नायू मागे पडतात. काल सहज वाकणारे मूल अचानक ताठ वाटू लागते. हा आळस नव्हे. याउलट काही मुलांचे सांधे उपजतच फार सैल असतात : अंगठा मनगटावरून मागे येऊन हाताला टेकतो, गुडघे मागे झुकतात. मल्लखांब किंवा जिम्नॅस्टिक्समध्ये अशा मुलांचे कौतुक होते. परंतु त्यांना आणखी ताणण्यापेक्षा सांध्याभोवतालचे स्नायू बळकट करण्याची गरज अधिक असते.

घाई करणारी औषधे

स्नायू लवकर वाढावेत म्हणून काही तरुण ॲनाबॉलिक स्टिरॉइडच्या गोळ्या किंवा इंजेक्शने घेतात. हे पुरुषी संप्रेरकाचे कृत्रिम प्रकार होत. (दम्यासाठी डॉक्टर जे स्टिरॉइड देतात ते वेगळ्या जातीचे असते. नावातील साम्यामुळे घाबरून मुलाचा इनहेलर बंद करू नका.) या औषधांनी स्नायूची ताकद वाढते, पण कंडरा त्या गतीने बळकट होत नाही, उलट ती ताठर होते. मग मोठे वजन उचलताना दंडाची किंवा मांडीची कंडरा तुटू शकते. वेदनाशामक गोळी घेऊन सराव केला तर धोक्याची सूचना देणारी कळही जाणवत नाही.

वाढीच्या वयातील मुलांसाठी आणखी एक हानी आहे. हाडांच्या टोकांशी असलेला वाढीचा मऊ थर या औषधांनी वेळेआधी कठीण होतो आणि उंची तेथेच थांबते. मुलांत अंडकोष आकसतात, छाती सुजल्यासारखी वाढते. मुलींची पाळी बिघडते, चेहऱ्यावर केस येतात, आवाज जाड होतो आणि तो पूर्ववत होतोच असे नाही. यकृत, हृदय आणि मनःस्थिती यांवरही परिणाम होतात. एकच सुई दोघांनी वापरली तर हिपॅटायटिस बी, सी आणि एचआयव्ही यांचा धोका असतो.

महाराष्ट्रात मेफेंटरमाइन या इंजेक्शनचे बेकायदा साठे वारंवार पकडले गेले आहेत. भूल दिल्यानंतर रक्तदाब घसरला तर तो सावरण्यासाठी शस्त्रक्रियागृहात वापरायचे हे औषध आहे. व्यायामशाळेत ते ‘दम वाढतो’ म्हणून विकले जाते. पोलीस भरतीच्या १६०० मीटर धावेची तयारी करणाऱ्यांपुढेही असा मोह येऊ शकतो. प्रत्यक्षात थकवा जाणवेनासा होतो, एवढेच. हृदयाची धडधड व रक्तदाब वाढतो, झोप उडते, व्यसन लागते, काहींना भास व संशय जडतो. थकव्याची जाणीव ही शरीराची राखण आहे. ती बंद पाडून धावणाऱ्याचे हृदय बंद पडू शकते.

प्रोटीन पावडरच्या डब्यावर सर्व घटक छापलेले असतातच असे नाही. ‘पूर्ण वनस्पतिजन्य’ म्हणून मिळणाऱ्या शक्तिवर्धक पुड्यांतही स्टिरॉइड मिसळलेले सापडते. अन्न परवान्याचा क्रमांक म्हणजे निषिद्ध द्रव्य नसल्याची हमी नव्हे. शेंगदाणे, डाळी, दूध, अंडी यांतून बहुतेक खेळाडू मुलांची प्रथिनांची गरज भागते.

घरी आणि दवाखान्यात

डॉक्टरांकडे गेल्यावर ‘हा स्पर्धेत खेळतो’ हे पहिल्याच वाक्यात सांगा. राष्ट्रीय उत्तेजकविरोधी संस्थेच्या, म्हणजे नाडाच्या, ‘नो युवर मेडिसिन’ या ॲपवर औषधाचे नाव घालून ते निषिद्ध आहे का, हे पाहता येते. निषिद्ध द्रव्यांची जागतिक यादी दर वर्षी १ जानेवारीपासून नव्याने लागू होते. म्हणून मागच्या वर्षी चालले ते यंदा चालेल असे धरू नये. आजारासाठी निषिद्ध औषध खरोखर आवश्यक असेल, तर उपचारासाठी सवलत मागण्याची रीतसर सोय आहे. डॉक्टरांनी सुरू केलेले औषध स्पर्धेच्या भीतीने परस्पर बंद करू नका.

अंगावर अचानक मोठ्या पुटकुळ्या, थोड्याच आठवड्यांत फुगलेले शरीर, चिडचिड, जागरण, दंडावर किंवा मांडीवर सुईचे व्रण, दप्तरात बिनलेबलाची बाटली : असे काही आढळल्यास आधी रागावू नका, रागाला घाबरलेले मूल पुढची सुई लपूनच टोचते. त्याला आरोग्य केंद्रात आणा. स्टिरॉइड एकाएकी बंद केल्यावर तीव्र उदासी येऊ शकते, म्हणून ते थांबवतानाही डॉक्टरांची देखरेख असावी. काय घेतले, किती आणि केव्हापासून, हे डॉक्टरांना खरे सांगितले पाहिजे.

छातीत दुखणे, शुद्ध हरपणे, अतिशय धडधड किंवा भ्रम असल्यास वाट न पाहता १०८ क्रमांकावर रुग्णवाहिका बोलवा आणि घरात सापडलेली बाटली, सिरिंज किंवा पाकीट, रिकामे असले तरी, सोबत आणा.