परसांतील शिंजीर आणि आंब्यावरील बांडगूळ

मार्गशीर्ष लागला म्हणजे परसांतील जास्वंदीवर बांकदार चोंचीचा, चार इंचांचा एक चंचल पक्षी येऊं लागतो. तो शिंजीर होय. कित्येक सुशिक्षित गृहस्थ त्यास हमिंगबर्ड म्हणतात; परंतु तो पक्षी अमेरिकेबाहेर कोठेंच आढळत नाहीं व त्याचें कुळहि निराळें. तो हवेंत एका जागीं तरंगून मध पितो. आपला शिंजीर बहुधा डहाळीवर बसून पितो. विणीनंतर जांभळ्या शिंजिराचा नर आपला झगझगीत पोशाख उतरून ठेवतो. मग पिवळ्या पोटावर गळ्यापासून खालीं एक काळी रेघ तेवढी उरते. त्यामुळें हा कोणी नवीनच पक्षी आला, असा आमच्या घरीं एकदां वाद माजला होता.

अमेरिकेंत त्या पक्ष्यांसाठीं चार भाग पाण्यांत एक भाग साखर विरघळवून बाटल्या टांगतात. आपणांस तो खटाटोप नको. तें पाणी लवकर आंबतें व मुंग्यांस आयतें निमंत्रण होतें. कुंपणास अडुळसा, मोरीच्या पाण्यावर केळ व जास्वंद, बांधावर शेवगा व पांगारा एवढें असलें म्हणजे पळस फुलेपर्यंत पक्ष्याची सोय होते. लांब नळीच्या फुलास तो कधीं कधीं बुडाशीं भोंक पाडून, परागांस स्पर्श न करतां मध नेतो. फी चुकवून नक्कल नेणारे असे इसम मुलकी खात्याच्या नोकरींत आम्हीं पुष्कळ पाहिले.

आतां मुख्य गोष्ट. आमच्या रायवळ आंब्यावर बांडगूळ होतें. हिवाळ्यांत त्याच्या नारिंगी फुलांवर शिंजिरांची गर्दी होई, म्हणून आम्हीं तें तीन वर्षें राखलें. ती आमची चूक. बांडगुळाचीं मुळें फांदींत शिरून तिचें पाणी ओढतात. पुढील फांदी वाळून गेली. तेव्हां शेजारच्या मंडळींनीं सर्व दोष शिंजिरावर ठेवून मुलांच्या हातीं गलोली दिल्या.

वास्तविक बीं पसरविणारा पक्षी दुसराच, तो फुलटोचा. तो पिकलेलें फळ गिळतो आणि चिकट बीं विष्ठेंतून फांदीस चिकटवितो. शिंजीर अगदींच निर्दोष आहे असें मात्र नव्हे. मिटलेल्या कळीचें टोंक त्यानें चोंचींत दाबलें कीं ती फटकन उघडते, पराग त्याच्या डोक्यास लागतात आणि पुढें फळ धरतें. कोंकणांतील हा सर्व व्यवहार सलीम अली यांनीं १९३१ सालीं मुंबईच्या निसर्गेतिहास मंडळाच्या नियतकालिकांत वर्णिला आहे. परंतु शिंजीर मारून बांडगूळ जात नाहीं. उलट पिलांस किडे व कोळी चारणारा एक चाकर मात्र आपण गमावतों.

बांडगूळ नुसतें ओरबाडूं नये, पुन्हां फुटतें. फळें पिकण्यापूर्वीं फांदीच गांठीच्या मागें, बुंध्याच्या बाजूस हातभर अंतरावर कापावी व जखमेस बोर्डो मलम लावावें. आम्हीं गेल्या पौषांत तसें केलें. आठ दिवस परस सुनें वाटलें. नवव्या दिवशीं केळफुलावर एक मादी आली, आणि तिच्या मागून काळ्या रेघेचा नर.