८० अक्षरांत खेळाची ओळख

मुक्तस्रोत खेळ म्हणजे असे संगणकीय खेळ, ज्यांची मूळ आज्ञावली कोणालाही वाचता, बदलता आणि इतरांना वाटता येते. अशा खेळांना जाहिरातीचे पाठबळ क्वचितच लाभते. दुकानाच्या फळीवरचे रंगीत खोके त्यांना नसते आणि गिऱ्हाइकाला खेळ समजावून सांगणारा विक्रेताही नसतो. खेळ घडवणारे स्वयंसेवक आणि तो कधीही न पाहिलेला माणूस यांच्यामध्ये बहुधा उभा असतो तो केवळ काही ओळींचा मजकूर, ज्याला ‘पॅकेजचे वर्णन’ असे म्हटले जाते. परवान्याने दिलेले स्वातंत्र्य प्रत्यक्षात कोणाच्या हाती पडणार, हे पुष्कळदा या ओळींवर ठरते. म्हणून त्या लिहिणे हे खेळाच्या निर्मितीचेच एक अंग मानले पाहिजे.

पॅकेज आणि त्याचे वर्णन

लिनक्सच्या जगात आज्ञावली सहसा ‘वितरणा’मार्फत वापरणाऱ्यापर्यंत पोहोचते. वितरण म्हणजे हजारो आज्ञावली निवडून, तपासून आणि एकमेकींशी जुळवून एकत्र उपलब्ध करून देणारी व्यवस्था, आणि त्यातील प्रत्येक आज्ञावली ज्या बांधीव स्वरूपात मिळते ते पॅकेज. १९९३ मध्ये इयान मरडॉक यांनी सुरू केलेले डेबियन हे अशा वितरणांपैकी सर्वांत जुन्यांमध्ये मोडते. जून २०२३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या त्याच्या १२व्या आवृत्तीत ६४ हजारांहून अधिक पॅकेजे होती. एवढ्या मोठ्या भांडारात प्रत्येक वस्तू बसवून पाहणे कोणालाच शक्य नसते, त्यामुळे निवड होते ती वर्णन वाचूनच.

डेबियनच्या धोरण-दस्तऐवजात वर्णनाचा हेतू नेमकेपणाने सांगितला आहे: ज्याची या पॅकेजशी पूर्वी कधीही गाठ पडलेली नाही, त्याला ते बसवावे की नाही हे ठरवण्यापुरती माहिती मिळाली पाहिजे. वर्णनाचे दोन भाग असतात. पहिला एका ओळीचा गोषवारा, जो ८० अक्षरांच्या आत राहावा लागतो; दुसरा त्याखालचे विस्तृत वर्णन. पुष्कळ ठिकाणी वाचणाऱ्याला केवळ गोषवाराच दिसतो, म्हणून तो स्वतःच्या बळावर उभा राहिला पाहिजे. आणि विस्तृत वर्णन हे गोषवाऱ्याचे अर्धवट राहिलेले वाक्य पुढे नेणारे नसावे, कारण मग दोहोंपैकी एकही भाग धड समजत नाही.

एका ओळीची कसोटी

गोषवाऱ्यात पॅकेजचे नाव पुन्हा लिहू नये, असा संकेत आहे; नाव शेजारीच दिसत असते आणि मोजक्या अक्षरांतली काही त्यात व्यर्थ जातात. ‘अमुक म्हणजे…’ असे म्हणून त्यापुढे गोषवारा वाचला असता वाक्य पुरे व्हावे, ही त्याची सोपी कसोटी होय. २००३ मध्ये सुरू झालेल्या ‘बॅटल फॉर वेस्नॉथ’ या खेळाचे उदाहरण घेतले, तर ‘अत्यंत रोमांचक आणि अविस्मरणीय खेळ’ ही ओळ या कसोटीला व्याकरणाने उतरते, पण तिच्यातून काहीच कळत नाही, कारण ती कोणत्याही खेळाखाली चिकटवता येईल. याउलट ‘षट्कोनी घरांच्या पटावर पाळीपाळीने खेळायचा, काल्पनिक जगातील युद्धनीतीचा खेळ’ ही ओळ चार गोष्टी एका दमात सांगते: पट कसा आहे, वेगाची घाई आहे की विचाराला सवड आहे, कथेचे जग कोणते आहे आणि कस कशाचा लागणार आहे.

विशेषणांवरचा हा आक्षेप केवळ शैलीचा नाही. खेळ रोमांचक आहे की नाही, हा निवाडा खेळणाऱ्याने करायचा असतो. वर्णन लिहिणाऱ्याने तो त्याच्यावर लादला, तर निवाड्याला लागणारी माहिती द्यायची जागा तेवढी कमी होते.

खेळणारा नेमके काय करतो?

विस्तृत वर्णनात सर्वांत मोलाचे असते ते खेळणाऱ्याच्या कृतीचे कथन. पुष्कळ वर्णनांचा आरंभ खेळाच्या काल्पनिक इतिहासाने होतो आणि राजे, राज्ये व शाप यांची नावे संपेपर्यंत खेळणाऱ्याला काय करायचे आहे हे समजत नाही. वेस्नॉथविषयी सांगण्याजोगे आहे ते असे: सैनिक लढता लढता अनुभव मिळवून वरच्या दर्जाला चढतात आणि मोहिमेच्या पुढच्या लढाईत त्यांना पुन्हा बोलावता येते, काही सैनिक दिवसा बलवान असतात तर काही रात्री, त्यामुळे हल्ल्याची वेळ हाही डावाचा भाग ठरतो, आणि हा खेळ एकट्याने संगणकाविरुद्ध, एकाच संगणकावर आळीपाळीने किंवा नेटवर्कवरून इतरांशी खेळता येतो. एवढ्या तीन विधानांवरून वाचणाऱ्याला आपली आवड आणि आपला वेळ या खेळाशी जुळतो की नाही, हे ठरवता येते.

दुसरी सार्वत्रिक अडचण ‘अमक्यासारखा खेळ’ या वर्णनाची. ‘ओपनटीटीडी’ हा क्रिस सॉयर यांच्या १९९५ च्या ‘ट्रान्सपोर्ट टायकून डीलक्स’वर आधारलेला आहे, हे सांगणे योग्यच आहे, कारण जुन्या खेळाचे चाहते तोच संदर्भ शोधत असतात. पण ज्यांनी मूळ खेळ पाहिलेला नाही, त्यांना त्या नावातून काहीही हाती लागत नाही. म्हणून रेल्वे, रस्ते, जहाजे आणि विमाने यांचे जाळे उभारून, प्रवासी व माल वाहून नफा कमावणारी वाहतूक कंपनी चालवायची, हे आधी सांगावे आणि पूर्वसूरीचा उल्लेख त्यानंतर करावा.

खेळप्रकारांच्या नावांनाही हेच लागू पडते. १९८० मधील ‘रोग’ या खेळावरून ‘रोगलाइक’ हा प्रकार ओळखला जातो आणि १९८७ चा ‘नेटहॅक’ हा त्याचा प्रसिद्ध नमुना आहे. जाणकाराला हा एक शब्द पुरतो, परंतु नवख्यासाठी ‘दर वेळी नव्याने रचली जाणारी भुयारे, पाळीपाळीने होणाऱ्या हालचाली आणि पात्र मेले की पहिल्यापासून आरंभ’ असा खुलासा त्याच्या सोबतीला हवा.

मिळते काय आणि मिळत नाही काय

खेळांच्या बाबतीत एक गोष्ट इतर आज्ञावलींपेक्षा अधिक काळजीने सांगावी लागते, ती म्हणजे इंजिन आणि सामग्री यांतील भेद. इंजिन म्हणजे खेळाचे नियम, हालचाली आणि चित्रांकन चालवणारी आज्ञावली. सामग्री म्हणजे चित्रे, ध्वनी, नकाशे आणि कथा. १९९३ च्या ‘डूम’ या खेळाची मूळ आज्ञावली १९९७ मध्ये खुली झाली, पण त्याची सामग्री खुली झाली नाही. त्यामुळे डूमचे इंजिन बसवणाऱ्याला सामग्री वेगळी मिळवावी लागते, आणि त्या गरजेतूनच मुक्त सामग्री पुरवणारा ‘फ्रीडूम’ हा प्रकल्प उभा राहिला. बुद्धिबळातही असेच घडते. ‘स्टॉकफिश’ हे अतिशय बलाढ्य इंजिन आहे, पण त्याला स्वतःचा पट नाही; पट दाखवणारी वेगळी आज्ञावली त्याला जोडावी लागते. वर्णनात याचा स्पष्ट उल्लेख नसेल, तर पॅकेज बसवून रिकाम्या पडद्यासमोर बसलेला माणूस दोष स्वतःला तरी देतो किंवा खेळाला तरी, आणि दोन्ही निष्कर्ष चुकीचे असतात.

खेळ अपूर्ण अवस्थेत असेल, केवळ नेटवर्कवरूनच खेळता येत असेल किंवा लहान मुलांसाठी आखलेला असेल, तर तेही सांगावे. ग्राफिक पद्धतीने आज्ञावली निवडण्याच्या सोयींसाठी ‘ॲपस्ट्रीम’ नावाची माहिती-रचना वापरली जाते. तिच्यात पडदाचित्रांबरोबर हिंसा, भाषा, जुगार, अनोळखी व्यक्तींशी संभाषण अशा बाबींची पातळी नोंदवण्याची तरतूद आहे, आणि पालकांना ही नोंद कोणत्याही स्तुतीपेक्षा उपयोगी पडते.

शोध, अनुवाद आणि टिकाऊपणा

वर्णन माणसे वाचतात, तशी शोधाची साधनेही वाचतात. डेबियनमधील शोध पॅकेजच्या नावाबरोबर वर्णनातील शब्दांतही होतो. त्यामुळे ‘कोडे’, ‘शर्यत’, ‘पत्ते’, ‘दोन खेळाडू’ असे जे शब्द शोधणारा सहज टाकेल, ते वर्णनात ओघाने आलेले असणे ही त्याला केलेली थेट मदत असते. मात्र शब्दांची नुसती रास रचली, तर तेच वर्णन वाचनास निरुपयोगी होते.

डेबियनमध्ये वर्णनांच्या अनुवादाचा स्वतंत्र प्रकल्प आहे आणि त्यात प्रत्येक अनुवाद मूळ वर्णनाच्या नेमक्या मजकुराशी बांधलेला असतो, म्हणजे मूळ मजकुरात एखादा शब्द बदलला तरी जुना अनुवाद गैरलागू ठरतो. म्हणून आवृत्तीचा क्रमांक, ताज्या सुधारणांची यादी किंवा क्षणिक घोषणा वर्णनात घालू नयेत. खेळाचे जे स्वरूप टिकून राहणार आहे तेवढेच लिहावे. शब्दांवरच्या कोट्या आणि एका गटापुरते ठाऊक असलेले संदर्भ अनुवादात हमखास गळून पडतात, पण कृती सांगणारे साधे वाक्य कोणत्याही भाषेत नेता येते. डेबियनच्या इन्स्टॉलरमध्ये मराठीचा पर्याय आहे. त्या वाटेने आत आलेल्या वाचकाला खेळांची वर्णनेही आपल्या भाषेत मिळावीत, असे ज्यांना वाटते त्यांच्यासाठी हे अनुवादाचे काम खुले आहे.

मुक्तस्रोत प्रकल्पात हातभार लावायचा तर आज्ञावली लिहिता आलीच पाहिजे, हा समज या क्षेत्रात फार खोल रुजलेला आहे. पण वर्णनातील संदिग्धता हासुद्धा एक दोष आहे, तो रीतसर नोंदवता येतो आणि सुधारित मजकूर सुचवता येतो; त्यासाठी लागतो तो खेळाचा अनुभव आणि नेमके लिहिण्याची सवय. किंबहुना खेळ घडवणाऱ्यापेक्षा तो नुकताच शिकलेला माणूस हे काम अधिक चांगले करू शकतो, कारण नवख्याला काय ठाऊक नसते हे त्याच्या अजून स्मरणात असते. अशा माणसांनी लिहिलेल्या स्पष्ट, प्रामाणिक वर्णनांमुळेच मुक्त खेळ जाणकारांच्या वर्तुळाबाहेर पडून, ज्यांच्यासाठी ते मुक्त ठेवले गेले त्या सर्वांचे होऊ शकतील.