छोटा हाथी घेताना : आधी त्याने काय वाहिले ते विचारा

रमजान ईदच्या दोन महिने आधी आमच्या कापड धंद्यात गाडीचा विषय हमखास निघतो. माल कोल्हापूर-इचलकरंजीहून आणायचा असतो. भाड्याचा टेम्पो वेळेवर मिळत नाही, आणि मिळाला तर ईदच्या तोंडावर भाडे वाढलेले असते. मग प्रत्येकालाच वाटते, स्वतःचा एक छोटा हाथी घेऊन टाकावा. यंदा माझ्या पुतण्यानेही हेच मनावर घेतले. "चाचा, तुमचा अनुभव सांगा," असे तो म्हणाला. माझा पहिला सौदा फसलेला होता, म्हणून एकट्याच्या अनुभवावर न जाता रत्नागिरीतल्या ओळखीच्या मालकांना मी मुद्दाम भेटलो. त्यांचे म्हणणे आणि माझे मत येथे देत आहे.

प्रथम थोडे गाडीविषयी. मालवाहू गाडीला आपण 'टेम्पो' म्हणतो तो शब्द मुळात एका जर्मन कंपनीचा. तिच्या सहकार्याने बजाज टेम्पोची तीनचाकी आपल्याकडे आली आणि कंपनीचे नाव गाडीला चिकटले. पुढे मे २००५ मध्ये टाटांनी 'एस' ही छोटी चारचाकी बाजारात आणली. दोन सिलिंडरचे ७०२ सीसीचे डिझेल इंजिन, ताकद सुमारे १६ हॉर्सपॉवर आणि वजन वाहण्याची क्षमता ७५० किलो. 'छोटा हाथी' हे नाव तिचे. नंतर महिंद्रा, मारुती यांच्याही छोट्या गाड्या आल्या आणि आता लोक सगळ्यांनाच छोटा हाथी म्हणतात. येथे मीही तसेच म्हणतो. कोणत्या कंपनीची गाडी चांगली, हा या लेखाचा विषय नाही.

गुणांबाबत बहुतेक मालकांचे एकमत आहे. चौथे चाक असल्याने वळणावर तीनचाकीसारखी कलंडण्याची धास्ती नाही. गाडी गल्लीत शिरते, थोड्या जागेत वळते, दुकानाच्या दारात माल उतरवता येतो. डिझेल बेताने खाते. साधा मेकॅनिकही ती खोलू शकतो आणि सुटे भाग लांजा-राजापूरलाही मिळतात. एकूण वजन ३००० किलोच्या आत असल्याने मालवाहतुकीचे परमिट लागत नाही. साधे हलक्या वाहनाचे लायसन्सही चालते. त्याबद्दल पूर्वी वाद होता, तो सर्वोच्च न्यायालयाच्या घटनापीठाने नोव्हेंबर २०२४ मध्ये मिटवला.

दोष विचारले की मात्र प्रत्येक धंद्याचा माणूस वेगळे बोलतो, आणि खरी समजण्याची गोष्ट तेथेच आहे.

मिरकरवाड्याचे एक मासळीवाले भाई म्हणाले, इंजिनाला काही होत नाही, पत्रा टिकत नाही. बर्फ वितळतो, त्यात मासळीचे खारट पाणी मिसळते आणि रात्रभर खाली चेसिसवर ठिबकत राहते. ते रोज गोड्या पाण्याने गाडी खालून धुतात, तरी तीन-चार वर्षांत फळीखालचा पत्रा बदलावा लागतो. जे धुवत नाहीत त्यांचे विचारूच नका.

चिरे वाहणाऱ्याची तक्रार पाटे तुटण्याची. मी हिशेब घातला. जांभ्याचा एक चिरा तीस किलोच्या आसपास, म्हणजे ७५० किलोत पंचवीस चिरे. हे गृहस्थ चाळीस-पन्नास भरतात! पाटे तुटणार, क्लच जळणार, चेसिसला भेग जाणार. जादा वजनाचा दंड २०१९ पासून वीस हजार रुपये आणि त्यावर प्रत्येक जादा टनाला दोन हजार आहे. एकदा पकडले तर महिन्याची कमाई गेली.

आंबा बागायतदाराला उलटी अडचण. त्याच्या पेट्या हलक्या, आणि पाटे जड मालासाठी कडक केलेले. गाडीची चाके लहान, सड्यावरच्या कच्च्या वाटेने ती उडते आणि फळाला मार लागतो. एकाने चार पेट्यांच्या जागी वाळूच्या गोण्या टाकून पाहिले, फरक पडला म्हणतात.

आम्हा कापडवाल्यांची गोष्ट पावसाची. ताडपत्री कितीही आवळा, आंबा घाटात वाऱ्याबरोबर पाऊस आडवा येतो. कापड नेणाऱ्याने बंद बॉडीचीच गाडी घ्यावी. घाटाबद्दल आणखी एक सांगतो. डिझेल वाचवायला उतारावर गाडी न्यूट्रल करून इंजिन बंद करण्याची वाईट खोड काही ड्रायव्हरांना आहे. या गाड्यांच्या ब्रेकला इंजिनाच्या व्हॅक्यूमची मदत असते. इंजिन बंद झाले की पेडल दगडासारखे होते. ज्या गिअरमध्ये घाट चढलो त्याच गिअरमध्ये उतरावे.

आता माझा सौदा. आपल्यापैकी अनेकांना व्याजाच्या हप्त्यावर गाडी घेणे मंजूर नाही. म्हणून हाताशी रोख जमेल तेवढ्यात जुनी गाडी घेतली जाते. मीही तेच केले. २०१६ च्या सुरुवातीला सात वर्षे वापरलेली एक गाडी एका एजंटामार्फत घेतली. रंग नवा, सीट नवी, किलोमीटर कमी, इंजिनाचा आवाज साफ. मी इंजिनावर खूश होऊन पैसे मोजले. गाडीने आधी काय वाहिले हे मी विचारले नाही आणि एजंटाने सांगितले नाही.

त्या वर्षी रमजान ऐन पावसाळ्यात, जूनमध्ये आला. ईदचा माल घेऊन घाट उतरून साखरप्याकडे येताना मागून मोठा आवाज झाला आणि गाडी एका बाजूला बसली. पाटा जेथे चेसिसला धरलेला असतो तो हँगरच पत्र्यासकट उपटून आला होता. मेकॅनिकने टॉर्च मारून पाहिले, बोटाने गंज खरवडला आणि म्हणाला, "शेठ, ही मासळीची गाडी आहे." वरचा काळा रंग गंजावरच मारलेला होता. दुसरा टेम्पो येईपर्यंत इफ्तारची वेळ टळून गेली. भर पावसात माल हलवताना तीन गठ्ठे भिजले, लुंग्यांचा रंग एकमेकींना लागला. तो माल ईदनंतर निम्म्या किमतीत काढला. कोणाला इजा झाली नाही, अल्लाहचे आभार. तोच हँगर घाटाच्या वळणावर निघाला असता तर हा लेख लिहायला मी नसतो.

धान्याच्या ढिगात हात घालून आतला ओलावा बाहेर काढल्याची हदीस आपण सर्वांनी ऐकली आहे. ऐब झाकून माल विकणाऱ्याला त्यात ताकीद आहे. पण घेणाऱ्यानेही ढिगात हात घालायला हवा, हे मी त्या दिवशी शिकलो.

म्हणून पुतण्यासोबत गाड्या पाहताना आम्ही इंजिन शेवटी पाहिले. आधी गाडी रॅम्पवर चढवून चेसिसवर लहान हातोडीने ठोकत गेलो. चांगल्या लोखंडाचा आवाज खणखणीत येतो, गंजलेल्याचा बद्द. पाट्यांचे हँगर, ब्रेकच्या नळ्या आणि मागच्या फळीची खालची बाजू ही गंजाची ठरलेली ठिकाणे. खिशात लोहचुंबक ठेवला होता. जेथे पुट्टी भरलेली असते तेथे तो धरत नाही. वास घेण्याचेही काही जण सांगतात, पण फिनाईल मारले की तो उपाय निकामी. पाट्यात जादा पान घातलेले दिसले तर समजावे की गाडीने चिरे किंवा वाळू वाहिली आहे.

कागदपत्रांत दोन गोष्टी चुकवू नयेत. आरसीवर फायनान्स कंपनीचा बोजा असेल तर तो उतरल्याचा दाखला आधी घ्यावा, आणि गाडी आपल्या नावावर लगेच करून घ्यावी. विकणाऱ्यानेही याचा आग्रह धरावा. आरटीओच्या नोंदीत नाव राहिले तर अपघाताची भरपाई जुन्या मालकावर येऊ शकते, हे सर्वोच्च न्यायालयाने २०१८ मध्ये स्पष्ट केले आहे. आपल्याकडे लग्नात वऱ्हाड मागे बसवून नेतात. मालगाडीत अशा फुकट बसलेल्या माणसांची भरपाई विमा कंपनीवर बसत नाही, ती मालकाच्या खिशातून जाते. मालाबरोबर बसलेल्या मालाच्या धन्याची गोष्ट वेगळी. नातेवाईक नाराज झाले तरी चालतील, पण एवढे ऐकावे.

अजून एक प्रश्न उरतो, गाडी घ्यावीच का? माझे मत असे की आठवड्यातून एकच फेरी असेल तर भाडेच परवडते. उभ्या गाडीलाही विमा, फिटनेस आणि टायर लागतात. पुतण्याने आपल्या मावसभावाशी भागीदारी केली. भावाचा बेकरीचा धंदा आहे; पहाटे गाडी पाव-खारी पोहोचवते, दहानंतर कापडाला मोकळी होते. मूळ गाडीही कोल्हापूरच्या एका बेकरीवाल्याची मिळाली, बंद बॉडीची. आम्ही पाहिलेल्या इतर गाड्यांपेक्षा ती महाग पडली. इंजिनाचे काम काढावे लागणार हे घेतानाच माहीत होते, त्याचे पैसे किमतीतून कमी करून घेतले. हातोडीचा आवाज मात्र चारही कोपऱ्यांना खणखणीत आला.