ओळखीतला प्लॉट आणि सातबाऱ्यावरचे ‘इतर हक्क’

पुणे, नाशिक किंवा पनवेलच्या आसपास दहा-वीस लाख रुपये जमिनीत घालणारा माणूस सहसा सल्लागाराकडे जात नाही, ओळखीच्या माणसाकडे जातो. ऑफिसातला सहकारी, मेव्हण्याचा मित्र, निवृत्तीनंतर ‘जागांचं बघणारे’ सोसायटीतले काका. आता त्यात व्हॉट्सअॅप ग्रुप आणि रविवारच्या साइट व्हिजिटच्या गाडीची भर पडली आहे. या साखळीला नावे ठेवण्यात अर्थ नाही. मोठ्या विकासकाकडे वकील असतात, सर्व्हेअर असतात, मंत्रालयात पाठपुरावा करणारी माणसे असतात. छोट्या माणसाकडे ओळखीच असतात. पण ही साखळी ज्या कामात तरबेज आहे ते काम आपण तिच्याकडून पुरते करून घेत नाही आणि जे तिला जमत नाही तेच बिनदिक्कत तिच्यावर सोपवतो. भाव, भाडे, पाणी, रस्ता, बिल्डरची वागणूक हे ओळखीतूनच कळते. जमीन कोणाची आहे, हे मात्र दहा माणसांना विचारूनही कळत नाही.

आधी तरबेजपणाचे बोलू. रेडी रेकनरचा दर हा मुद्रांक शुल्क काढण्यासाठी सरकारने ठरवलेला दर असतो, त्यावरून बाजारभाव कळत नाही. दोन खोल्यांचा फ्लॅट खरोखर किती भाड्याने जातो, वर्षातले किती महिने रिकामा राहतो, उन्हाळ्यात टँकरचा खर्च कोणाच्या माथी येतो, हे त्याच इमारतीत फ्लॅट घेतलेला माणूस सांगू शकतो. तिथे त्याच्या शब्दाला तोड नाही. ‘इथे विमानतळ येतोय’ ही बातमीही ओळखीतून लवकर येते आणि पुष्कळदा खरी असते. अडचण एवढीच की बातमीला तारीख नसते. नवी मुंबई विमानतळाला केंद्रीय मंत्रिमंडळाची मंजुरी 2007 मध्ये मिळाली, भूमिपूजन 2018 मध्ये झाले आणि उद्घाटन ऑक्टोबर 2025 मध्ये. ज्याने 2007 मध्ये कर्ज काढून आसपास प्लॉट घेतला, त्याची माहिती अचूक होती. पण अठरा वर्षे पैसे अडकून राहतील हा हिशेब त्याला कोणी मांडून दिला नव्हता.

मालकीचा प्रश्न वेगळा आहे, आणि तो कसा वेगळा आहे हे एखादा सातबारा समोर ठेवल्याशिवाय कळत नाही. शहराबाहेर ‘दोन गुंठे, रोडटच, क्लिअर टायटल’ म्हणून दाखवल्या जाणाऱ्या तुकड्याचा उतारा उघडा. पुष्कळदा एकाच गटात दहा-वीस नावे असतात आणि प्रत्येकापुढे एक-दोन आर क्षेत्र. कोणाचा तुकडा ओढ्याकडचा, कोणाचा रस्त्याकडचा, हे उताऱ्यावर नसते. एजंटने छापलेल्या नकाशावर ते रंगवलेले असते. खरेदीखतात ‘अविभाजित हिस्सा’ असे शब्द असले, तर तुम्ही प्लॉट घेत नसता, अनोळखी लोकांबरोबर सामाईक वहिवाट घेत असता. मग मोजणीला सहधारकांची संमती लागते, बँक कर्ज द्यायला नाखूश असते आणि विकायला निघालात की समोरचा हाच उतारा दाखवून भाव पाडतो. याच उताऱ्यावर ‘इतर हक्क’ हा रकाना असतो. सोसायटीचे कर्ज, कुळाचे नाव, न्यायालयातला दावा यांतले काय काय तिथे नोंदले आहे ते बघावे लागते, आणि भोगवटादार वर्ग 2 असेल तर हस्तांतराला परवानगी लागते की नाही तेही. मागचे फेरफार काढले की पुष्कळदा कळते की विकणाऱ्याच्या वडिलांच्या मृत्यूनंतर वारस म्हणून फक्त भावांची नावे लागली आहेत. ‘बहिणींचं काही नाही हो, त्या हक्क सोडणारच आहेत’ हे वाक्य जमिनीच्या व्यवहारात सर्रास ऐकू येते. 2005 ची हिंदू उत्तराधिकार कायद्यातली दुरुस्ती आणि 2020 चा सर्वोच्च न्यायालयाचा विनीता शर्मा प्रकरणातला निकाल यांनंतर वडिलोपार्जित मिळकतीत मुलीचा हक्क जन्मापासूनचा आहे. नोंदणीकृत हक्कसोडपत्र नसेल, तर ‘सोडणारच आहेत’ याला काडीची किंमत नाही.

एवढे सगळे असूनही माणसे फसतात, कारण साखळीतला प्रत्येकजण आदल्याच्या शब्दावर विसंबलेला असतो. ‘मी स्वतः घेतलाय’ हा सर्वांत मोठा पुरावा मानला जातो. पण ज्याने घेतला त्यानेही कोणीतरी आधी घेतला होता म्हणूनच घेतलेला असतो. शंभर जणांनी घेतलेल्या प्लॉटिंगमध्ये कागद एकानेही तपासलेला नाही, असे सहज होऊ शकते. त्यात हितसंबंधही असतो, आणि तो नेहमी लबाडीचा असतो असे नाही. आपला प्लॉट चढ्या भावाने विकला जावा असे वाटणारा माणूस शेजारच्या प्लॉटची तारीफ मनापासूनच करतो. ओळख करून दिल्याबद्दल कमिशन घेणाऱ्या मित्राचे मात्र वेगळे. नोंदणी आवश्यक असलेल्या प्रकल्पासाठी मोबदला घेऊन ग्राहक आणून देणारी व्यक्ती रेरा कायद्याच्या दृष्टीने एजंट ठरते आणि तिलाही नोंदणी लागते. ‘यात तुला काय मिळणार?’ हा प्रश्न उद्धट वाटतो म्हणून आपण विचारत नाही. तो विचारावा.

पैसे एकत्र करण्याच्या बेतात तर मैत्री सर्वांत महाग पडते. चौघांचे पैसे, पण सातबारा एकाच्या नावावर, कारण शेतकरी तो एकटाच. महाराष्ट्रात बिगरशेतकऱ्याला परवानगीशिवाय शेतजमीन घेता येत नाही, ही कूळकायद्याची अट टाळायला काढलेली ही पळवाट. पण 2016 मध्ये कडक केलेल्या बेनामी व्यवहार प्रतिबंध कायद्यात असा व्यवहार अडकू शकतो. अडकला तर मिळकत जप्त होऊ शकते, शिक्षा सात वर्षांपर्यंत जाऊ शकते आणि मित्र उलटला तर ‘खरा मालक मी’ म्हणून त्याच्यावर दावाही लावता येत नाही. चौघांनी मिळून दुकानाचा गाळा घेण्यात मात्र गैर काहीच नाही. खरेदीखतात चौघांची नावे आणि हिस्से हवेत, पैसे चौघांच्या खात्यांतून जायला हवेत, आणि एकाला बाहेर पडायचे झाले तर त्याचा हिस्सा कोणी कोणत्या भावाने घ्यायचा हे आधीच लिहून ठेवायला हवे. भांडण झाल्यावर हे कोणी लिहून देत नाही.

यावर पहिले म्हणणे येते की आता महारेरा आहे, रजिस्ट्री आहे, मग एवढी धास्ती कशाला? महारेरामुळे नव्या प्रकल्पांत शिस्त आली, हे मान्यच. नोंदणीकृत करार केल्याशिवाय विकासकाला किमतीच्या 10 टक्क्यांहून अधिक रक्कम घेता येत नाही. पण जुन्या फ्लॅटच्या फेरविक्रीला किंवा शेतकऱ्याकडून थेट घेतलेल्या तुकड्याला रेराचे कवच नाही. आणि दुय्यम निबंधक दस्त नोंदवतो, विकणारा खरा मालक आहे याची हमी देत नाही. दुसरे म्हणणे असे की तपासत बसलो तर सौदा हातचा जातो. जाऊ द्यावा. ‘आजच टोकन द्या, उद्या भाव वाढणार’ असे सांगितले जाते तेव्हा घाई विकणाऱ्याची असते. टोकन द्यायचेच तर विसारपावती करावी, मालकी निर्विवाद न निघाल्यास रक्कम परत अशी अट त्यात घालावी आणि पैसे रोखीने देऊ नयेत. स्थावर व्यवहारात 20 हजार किंवा त्याहून अधिक रोख स्वीकारायला आयकर कायद्याची मनाई आहे.

तिसरा आक्षेप खर्चाचा, आणि तो खरा आहे. पण प्रमाण बघा. पुणे महापालिका हद्दीत 20 लाखांच्या खरेदीवर पुरुष खरेदीदार 7 टक्के दराने 1 लाख 40 हजार मुद्रांक शुल्क आणि 20 हजार नोंदणी फी निमूट भरतो; तीस वर्षांच्या शोध अहवालासाठी वकिलाची फी मात्र त्याला जड जाते. ओळखींचा खरा उपयोग इथेच करून घेता येईल. एकाच गटात प्लॉट बघणाऱ्या पाच जणांनी एकच वकील लावावा, तो विकणाऱ्याने सुचवलेला नसावा; सरकारी मोजणीसाठी विकणाऱ्याच्या मागे एकत्र लागावे; वर्तमानपत्रात एकच जाहीर नोटीस द्यावी. पाच जण मिळून कागद मागतात तेव्हा ‘विश्वास नाही का?’ असे विचारून गप्प करणेही अवघड जाते. पुढच्या रविवारी कोणी साइट दाखवायला नेणार असेल, तर गाडीत बसण्याआधी गट नंबर मागून घ्या. डिजिटल सहीचा सातबारा 15 रुपयांत घरबसल्या मिळतो. नंबर द्यायला टाळाटाळ झाली, तर रविवार घरीच काढा.